गव्हाणी

दार उघडायचं नाही, हा बेरिलचा पहिला नियम.
पाखरं गाडीला भीत नाहीत,
ती तिला एखादी मठ्ठ म्हैस समजतात;
भितात ती गाडीतून उतरणाऱ्या दोन पायांना.
म्हणून काच चार बोटं खाली,
हीटर पायांवर, गारठा कानांवर,
आणि आम्ही दोघी लिटलपोर्टच्या पुढे
ताशी पंधरा मैलांनी.

इथे नदी शेतांच्या वरून वाहते.
खरंच. बांधांमध्ये उचलून धरलेली नदी,
आणि खाली ही काळी जमीन,
पाणी उपसत गेले तशी खचत गेलेली.
रस्ताही तिच्याबरोबर खचलाय,
जुन्या गादीसारखा, जागोजाग.
बेरिलने एकतीस वर्षं या रस्त्याने टपाल वाटलं,
प्रत्येक खड्डा तिच्या कमरेला पाठ आहे.
आता तिच्या डोळ्यांच्या मधोमध
एक करडा डाग बसलाय.
कडेकडेचं दिसतं,
बघायचं असतं तेवढं नेमकं दिसत नाही.

म्हणून बघायचं काम माझं.

मला नावं येत नाहीत. मी वर्णन सांगते.
‘डावीकडे, नांगरटीत. टिटवीसारख्या,
पण डोक्यावर शेंडी.’
‘किती?’
‘पुष्कळ.’
‘पुष्कळ हा आकडा नाही.’
मोजते. एकशे दहापर्यंत येते, तोच
सगळ्या एकदम उठतात,
अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या,
आणि माझा हिशेब आभाळभर सांडतो.
‘तारेवर खरूची. शेपूट हलवतेय.’
‘खाली गवतात बघ, ती काय बघतेय ते.’
मला काही दिसत नाही. खरूचीला दिसतं.

हंस मात्र तिनेच आधी ओळखले.
समोर नुसता रिकामा रस्ता, आणि तिने हात वर केला:
थांब. इंजिन बंद.
मग कुठूनतरी जुन्या सायकलींचे भोंगे,
एक, चार, मग अख्खी शाळा सुटल्यासारखे.
बीट काढून नेलेल्या शेतात
चारशेएक हंस, पिवळ्या चोची,
माना चिखलाने माखलेल्या,
उरलेसुरले तुकडे खात होते
शेवटच्या पंगतीसारखे, घाईघाईने.
आइसलँडहून येतात, बेरिल म्हणाली,
समुद्रावरून, एका दमात, पोरांना घेऊन.
‘तू किती दमात आलीस?’
दोन, मी म्हटलं. दोह्याला विमान बदलावं लागलं.

साडेतीन. उजेड कपाच्या तळाशी उरलेल्या चहाइतका.
ही घुबडाची वेळ.
आमच्याकडे घुबड दिसणं अशुभ,
आणि मी सुट्टीचा रविवार, अर्धी टाकी पेट्रोल
त्याच्यापायी जाळतेय.
‘तुम्ही काय म्हणता त्याला?’
गव्हाणी.
‘गवानी,’ ती म्हणते.
गव्हाण म्हणजे गुरांना चारा घालतात ती जागा.
बेरिल जरा वेळ गप्प.
‘म्हणजे तिकडेही ते गोठ्यातच राहतं तर.’

पंपहाउसमागचा मोडका गोठा, कुंपणाचा तिसरा खांब.
मागच्या जानेवारीत इथे, त्याच्या मागच्याही इथेच.
थांबलो. थर्मास संपला.
बांधावरून एक ससा आला, आमच्याकडे पाहिलं,
म्हैस समजला, गेला.
अंधार गवताच्या बुडातून वर चढू लागला.
बेरिलचा चेहरा खिडकीशी, किंचित वळवलेला,
कडेने का होईना, दिसावं म्हणून.

मला राहवलं नाही.
‘ते बघ,’ मी म्हटलं. ‘पांढरं. जराही आवाज नाही.’
‘कुठे?’
‘तिसऱ्या खांबाजवळून गेलं.’
‘नदीकडे की गोठ्याकडे?’
मी गडबडले.
तिने वही काढून माझ्या मांडीवर ठेवली,
वर पेन.
‘लिही. टिटव्या एकशे दहा, पुढे मोजता आल्या नाहीत.
खरूची एक. हंस चारशे, अंदाजे. ससा एक.
गवानी.’
मी पेन टेकवून थांबले.
‘गवानी, चाळीस मिनिटं वाट पाहिली. नाही.’

लिहिलं.
इंजिन सुरू केलं, दिवे लावले,
आणि पुढचे सहा मैल
दिव्यांत येणारं प्रत्येक पांढरं,
कुंपणात अडकलेली पिशवी, धुकं, वळणावरची पाटी,
तिला सांगत राहिले,
जे होतं तेच.